‘कन्फर्म जोडी’ची खात्री: सिक्लिडमधला नर कोण, मादी कोण?

माझ्या एंजल माशांनी पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. फिल्टरच्या पाइपवर ओळीने चिकटलेले ते बारीक मोती. तिसऱ्या दिवशी सगळे पांढरे पडले, म्हणजे वाया गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पाचव्या खेपेला मी टँकसमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. एक मासा पाइपला पोट घासत वर सरकला, मागे अंड्यांची ओळ उमटली. दुसरा त्याच वाटेने गेला, आणि मागे आणखी एक ओळ! ‘कन्फर्म जोडी’ म्हणून जादा पैसे मोजून आणलेल्या त्या दोन्ही माद्या होत्या.

दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने दोन मासे अंडी घालण्यासाठी एकत्र पान साफ करताना बघितले, बाकीच्यांना हाकलताना बघितले, आणि जोडी समजून बाजूला काढले. मीही तेच केलं असतं. सिक्लिडमध्ये, म्हणजे एंजल ज्या कुळातला त्या माशांत, रंग, आकार आणि वागणूक तिन्ही गोष्टी अधूनमधून थापा मारतात. कोणती खूण कोणत्या माशात खरी आणि कुठे ती फसवते, हे कळलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं काम मासा उलटा करून होतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी मासा कोणता ते ठरवा

‘सिक्लिडमध्ये नर कसा ओळखायचा?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण सिक्लिड हे सतराशेहून अधिक जातींचं कुळ आहे. टँकमधले एंजल, ऑस्कर, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न आणि मलावीचे रंगीत मासे यातलेच. उजनीच्या पाण्यातली चिलापीही सिक्लिडच. तो मूळचा आफ्रिकेतला मासा, भारतात १९५२ साली आणला गेला. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांमधला कालुंदर मात्र आपला अस्सल देशी सिक्लिड.

एवढ्या मोठ्या गोतावळ्यात एका घरचा नियम दुसऱ्या घरी चालत नाही. ‘जो रंगीत तो नर’ हे पीकॉकमध्ये खरं, कॉन्व्हिक्टमध्ये नेमकं उलटं आणि ऑस्करमध्ये निरर्थक. म्हणून दुकानातच माशाचं नेमकं नाव विचारून घ्या. ‘आफ्रिकन मिक्स’ असं उत्तर मिळालं, तर पुढचं सगळं थेट तपासणीवर सोडा.

ज्यांच्यात नुसत्या नजरेने कळतं

सुरुवात करायला कॉन्व्हिक्टसारखा मासा नाही. कैद्याच्या कपड्यांसारखे काळे पट्टे असलेला हा मध्य अमेरिकेतला मासा. मादी आकाराने लहान, पण पोटावर नारिंगी-सोनेरी खवल्यांचा डाग तिचाच. नर मोठा, राखाडी, आणि त्याचे पाठीवरचे व गुदद्वारामागचे पर लांब होत टोकदार होतात. पाच सेंटिमीटरच्या माशातही हा फरक बहुतेक वेळा दिसतो. पांढऱ्या-गुलाबी वाणात पट्टे नसतात, नारिंगी डाग मात्र तिथेही शोधता येतो. टँकचा दिवा बाजूने पडेल असा धरून बघा.

क्रिबेन्सिस पश्चिम आफ्रिकेतला. इथेही मादीच जास्त देखणी: आखूड, गुबगुबीत, आणि पोट चेरीसारखं लाल. नर लांबट, त्याच्या पाठीवरच्या पराचं टोक शेपटीच्या बाजूला अणकुचीदार, तर मादीचं गोलसर. पोटाखालच्या जोडपरांचंही तसंच. या माशाची एक गंमत पिल्लं काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: पाणी जास्त आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नर जास्त निघतात. त्यामुळे एकाच ठिकाणाहून आणलेल्या सहाच्या सहा पिल्लांत एकही मादी नाही असं घडू शकतं, आणि त्यात कुणाचं कपट असेलच असं नाही. ॲपिस्टोग्रामा या छोट्या सिक्लिडच्या कित्येक जातींत हेच तापमानाने होतं. पाणी गरम राहिलं तर नरांचं पारडं जड.

ॲपिस्टोग्रामाचा विषय निघालाच आहे तर त्यातली ककाटुइडिस ही जात. मोठा, पाठीवर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे पर उभारणारा तो नर. लहानशी, अंडी सांभाळताना पिवळीधमक होणारी आणि पोटाखालच्या परांच्या कडा काळ्या करणारी ती मादी. सोपं वाटतं ना? पण टँकमध्ये एखादा दांडगा नर असेल तर दुबळे नर मादीसारखेच लहान आणि फिके राहतात, आणि त्याची नजर चुकवून वावरतात. ‘एक नर, तीन माद्या’ म्हणून आणलेल्या गटातली तिसरी मादी दांडगोबाला दुसऱ्या टँकमध्ये हलवल्यावर महिन्याभरात तुरा काढते, असे प्रकार होतात.

जर्मन ब्लू रॅममध्ये दोन खुणा बघा. मादीचं पोट गुलाबी-जांभळट, आणि बाजूच्या काळ्या डागात निळे चमकते ठिपके मिसळलेले. नराचा काळा डाग निखळ काळा, पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब. हे मूळ रंगाच्या रॅमबद्दल झालं. इलेक्ट्रिक ब्लू आणि गोल्डन रॅममध्ये काळा डागच नाहीसा झालेला असतो, आणि फार्मवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माशांत लांब काटेही भरवशाचे राहिलेले नाहीत. त्यांच्यात गुलाबी पोट हीच त्यातल्या त्यात चांगली खूण.

मलावी: रंगांचा बाजार आणि त्यातली फसगत

पूर्व आफ्रिकेतल्या मलावी तलावाचे मासे आपल्याकडे भरपूर विकले जातात आणि सर्वात जास्त गोंधळ त्यांच्यातच होतो.

पीकॉक आणि इलेक्ट्रिक ब्लू (रॅम नव्हे, मलावीचा) या गटांत नर रंगीत आणि मादी राखाडी-तपकिरी, साधीसुधी. पण पिल्लं सगळी मादीसारखी दिसतात. नराला रंग चढायला सहा-आठ सेंटिमीटरची वाढ लागते. म्हणून चार-पाच सेंटिमीटरचे पीकॉक पेटीभर एकसारखे झगझगीत दिसले तर आनंदाच्या भरात पाकीट काढू नका. माशांना संप्रेरकं चारून रंग आणण्याचा धंदा चालतो, आणि असे मासे घरी आले की काही आठवड्यांत फिके पडत जातात. त्यांत माद्याही असतात. उलट बाजूने, दुकानाच्या गर्दीच्या टँकमध्ये दबलेला खरा नर फिका दिसतो. तेव्हा फिका मासा मादीच असेल असंही नाही.

मुबुना म्हणजे खडकांत राहणाऱ्या गटात काही जाती रंगावरून चोख ओळखता येतात, फक्त दिशा पाठ करावी लागते. केन्यीची पिल्लं निळी, मादी आयुष्यभर निळी, आणि नर वयात आल्यावर पिवळा. साउलोसीत बरोबर उलटं: मादी पिवळी, नर निळा-पट्टेरी. ऑराटसची मादी आणि पिल्लं पिवळ्यावर काळे पट्टे, नर मोठा होताना काळपट. यातही एक मेख आहे. टँकमध्ये नर नसेल तर एखादी दादागिरी करणारी मादी नराच्या रंगाकडे झुकते. मी स्वतः एका केन्यीला वर्षभर नर समजत होते, आणि एक दिवस तिच्या तोंडात अंडी होती. या गटात अंडी तोंडात धरून पिल्लं होईपर्यंत उपाशी राहणारी मादीच, त्यामुळे गळ्याची थैली फुगलेला आणि खाणं सोडलेला मासा दिसला की वाद मिटला.

येलो लॅब आणि डेमासोनीत मात्र रंग काहीच सांगत नाही. येलो लॅबच्या नराच्या पोटाखालच्या परांवर काळं जास्त गडद असतं हे बहुतेकदा खरं, पण गडद माद्याही मी बघितल्या आहेत.

गुदद्वारामागच्या परावरचे पिवळे गोल ठिपके, ज्यांना सगळे ‘एग स्पॉट’ म्हणतात, त्यावर बरेच जण विसंबतात. मादी अंडी तोंडात घेते, मग त्या ठिपक्यांना अंडी समजून टोचते आणि नराचं वीर्य तिच्या तोंडात जातं, अशी त्यांची मूळ कहाणी. नराचे ठिपके जास्त आणि ठसठशीत असतात हे खरं, पण कित्येक माद्यांनाही असतात. एकट्या एग स्पॉटवर निकाल देऊ नये.

मोठे दणकट मासे

फ्लॉवरहॉर्न निसर्गात नाही. मलेशियात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात माणसाने घडवलेला संकर. त्याचं कपाळावरचं टेंगूळ म्हणजे कोक, आणि कोक मोठा म्हणजे नर असा सरसकट समज. नराचा कोक मोठा असतो खरा, पण चांगल्या खाण्यावर मादीलाही बरापैकी येतो आणि लहान वयात दोघांचंही कपाळ सपाटच. मादीच्या पाठीवरच्या परात बहुतेकदा काळे डाग असतात, ही दुसरी खूण. पण हा संकर असल्याने अपवाद भरपूर. जास्त किमतीचा मासा घेताना मी फक्त गुदद्वाराचा भाग बघून घेते. नराचं जननछिद्र अरुंद, टोकदार. मादीचं रुंद आणि गोलसर. एकटी मादी नर नसतानाही अंडी घालते, म्हणजे तोही निर्णायक पुरावाच.

ब्लड पॅरट हाही संकर. बहुतेक नर वांझ, त्यामुळे जोडीची अंडी पांढरी पडली म्हणून दोन्ही माद्याच असा निष्कर्ष काढू नका.

सेव्हरममध्ये नराच्या गालांवर अळ्या फिरल्यासारखी नक्षी असते, मादीचे गाल साधे. हिरव्या सेव्हरममध्ये ही खूण उत्तम चालते, सोनेरीत नीट प्रकाश पाडून शोधावी लागते. जॅक डेम्प्सीत खालच्या जबड्यावर आणि कल्ल्यांच्या झाकणावर निळी झाक दाट असेल तर मादी. नराच्या अंगावर ठिपके विखुरलेले आणि पर टोकदार.

आणि ऑस्कर? बाहेरून काहीच नाही. आकार, रंग, कपाळ, सगळं व्यर्थ. अंडी घालायची वेळ येईपर्यंत थांबा.

एंजल आणि डिस्कस: नळीची वाट पाहा

या दोघांत ठाम फरक फक्त अंडी घालायच्या वेळी दिसतो. एक-दोन दिवस आधी पोटाखाली, गुदद्वाराच्या मागे, एक छोटी नळी बाहेर येते. मादीची नळी जाड आणि बोथट, शिसपेन्सिलीच्या मागच्या बाजूसारखी. नराची बारीक आणि टोकदार. म्हाताऱ्या नर एंजलच्या कपाळाला थोडा फुगवटा येतो, पण त्यावर पैसे लावू नका.

नळी बघायला मासा पकडायची गरज नाही. जागा साफ करायला लागले की मोबाइलने बाजूने, दिवा चालू ठेवून, भरपूर फोटो काढा. नंतर फोटो मोठा करून दोघांच्या नळ्या शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही जाड निघाल्या तर माझ्यासारखी गत.

अंडी घालताना बघायला मिळालं तर आणखी चांगलं. मादी सरकते तिथे अंडी राहतात. नर मागून त्याच वाटेने जातो आणि मागे नवं काहीच राहत नाही. नुसती अंडी पांढरी पडणं हा मात्र कच्चा पुरावा आहे. पाणी फार जड असेल, नर अननुभवी असेल, तरी अंडी वाया जातात. २७-२८ अंश तापमानाला दोन-तीन दिवसांत काही अंड्यांत शेपट्या हलताना दिसल्या, तर टँकमध्ये नर नक्की आहे.

एंजलच्या बाबतीत माझा ठाम सल्ला: ‘जोडी’ विकत घेऊच नका. पाच-सहा पिल्लं घ्या, मोठी होऊ द्या, त्यांचं ते जुळवतील. जोडी जुळली की बाकीची मित्रांना द्या.

मासा उलटा करून बघणं

बाकी सगळ्या खुणा फसल्या की हाच मार्ग. चिलापीच्या शेततळ्यांत नर लवकर वाढतो म्हणून नर-मादी वेगळे करतात, तेव्हाही पोटाखालचंच बघतात. तिथे नराला दोन छिद्रं, गुदद्वार आणि मागे एकच. मादीला तीन, कारण अंड्यांची वाट आणि लघवीची वाट वेगळी. टँकमधल्या लहान माशांत तिसरं छिद्र डोळ्यांना दिसणं अवघड, म्हणून आपण आकार बघतो.

डोक्याच्या बाजूचं छिद्र गुदद्वार, शेपटीच्या बाजूचं जननछिद्र. नरात दोन्ही साधारण सारखी, किंवा मागचं बारीक. मादीत मागचं ठळकपणे मोठं आणि रुंद. इतकंच. एक मासा बघून सांगणं कठीण. त्याच जातीचे, त्याच आकाराचे चार-पाच मासे एकापाठोपाठ बघितले की फरक डोळ्यांत भरतो.

मासा सहा सेंटिमीटरच्या आत असेल तर थांबा, कळणार नाही आणि माशाला त्रास फुकट. आदल्या दिवशी खाणं देऊ नका. लेंडी लोंबत असेल तर छिद्रं झाकली जातात. पाणी बदलायच्या दिवशीच हे काम काढा: पाणी अर्ध्यावर आणा, दगड बाहेर काढा, दोन जाळ्या घ्या. एका जाळीने मुबुना पकडायला गेलात तर दुपार त्यातच जाईल.

सर्वात सोपी आणि माशाला सर्वात कमी त्रासाची पद्धत पारदर्शक डब्याची. फरसाण येतं तसा सरळ भिंतींचा, स्वच्छ धुतलेला डबा घ्या, साबण नको. टँकचंच पाणी माशाच्या उंचीपेक्षा जरासंच जास्त भरा. मासा आत सोडा आणि फिल्टरच्या स्वच्छ स्पंजच्या तुकड्याने त्याला हळूच भिंतीकडे सरकवा, दाबू नका. दुसऱ्याला डबा उचलून धरायला सांगा आणि खालून टॉर्च मारत फोटो काढा. एकेका माशाचे चार-पाच फोटो, म्हणजे एखादा तरी स्पष्ट येतो.

डब्यात जमलं नाही तरच हातात घ्या. हात ओले हवेत, कारण कोरड्या हाताला माशाचा चिकट थर निघून येतो आणि नंतर बुरशी धरते. माशाला ओल्या जाळीतच, डोकं आणि डोळे झाकून, पोट वर करून धरा. पाठीवरच्या काट्यांपासून बोटं जपा. दहा-पंधरा सेकंदांत दोन फोटो आणि मासा पाण्यात. फोटो हलले तर त्याच माशाला लगेच पुन्हा पकडू नका. दुसऱ्या दिवशी बघा. पोट दाबून अंडी किंवा वीर्य काढायचे व्हिडिओ दिसतात, तो उद्योग घरी अजिबात करू नका. आतल्या अवयवांना इजा होते.

प्रत्येक माशाच्या फोटोआधी त्याच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे कोणतं छिद्र कोणाचं हे नंतर कळेल. मी पहिल्यांदा नऊ येलो लॅबचे चौदा फोटो काढले आणि संध्याकाळी एकही मासा ओळखता येईना. पुन्हा सगळं!

काम झाल्यावर सगळे मासे एकदमच टँकमध्ये सोडा आणि दगड नव्या रचनेत लावा, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात आणि परत आलेल्यावर हल्ला होत नाही. दिवा त्या रात्री बंद.

निकाल हातात आल्यावर

मुबुनात एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा. तीन फुटी टँकमध्ये दोन नर आणि एक मादी हे गणित मादीच्या जिवावर बेततं. जादा नर काढा, शक्यतो त्याच दिवशी. कॉन्व्हिक्ट आणि क्रिबेन्सिसमध्ये मात्र एक नर, एक मादी पुरे. तिसरा मासा जोडीच्या माराला बळी पडतो.

आफ्रिकेतल्याच टँगानिका तलावाच्या माशांत हे गणित आणखी वेगळं. ज्युलिडोक्रोमिसच्या काही जातींत मादीच मोठी असते. रिकाम्या शंखांत अंडी घालणाऱ्या कॅलिप्टेरसचा नर उलट मादीपेक्षा सरासरी बारापट वजनदार. तिथे नर-मादी ओळखायला भिंग लागत नाही. नर शंखात मावतच नाही.

निकाल लागला नाही, असंही होईल. छिद्रं अस्पष्ट, रंग अर्धवट, वागणूक संशयास्पद. अशा माशाचे फोटो तारीख टाकून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघा. माझ्या त्या दोन एंजलपैकी एक मैत्रिणीच्या टँकमध्ये गेली, आणि तिच्याकडून मी चार पिल्लं घेतली. त्यातल्या दोघांनी हल्लीच जागा साफ करायला घेतली आहे. फोटो काढलेत. एक नळी जाड आहे, दुसरी अजून बाहेर आलेली नाही.